घास भरविणारा हात

दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या, किंवा आजार नसतानाही केवळ वार्धक्यामुळे आणि आप्तस्वकीय दूरदेशी गेल्यामुळे एकाकी पडलेल्या मनुष्याचे दुःख नेमके कोणते, असा प्रश्न केला असता आपण सामान्यतः असे उत्तर देतो की, त्याची कोणी विचारपूस करीत नाही, त्याच्याजवळ घटकाभर कोणी बसत नाही, त्याला जीव लावणारे कोणी उरलेले नाही. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. ज्या घरात औषधपाण्याची तजवीज चोख आहे, दिवसाची आणि रात्रीची अशा दोन परिचारिका नेमलेल्या आहेत, परदेशस्थ मुलांचे फोन ठरल्या वारी येतात आणि खर्चाची रक्कम महिन्याच्या महिन्याला बिनचूक जमा होते, त्या घरातील वृद्धही हळूहळू मालवत जाताना ज्याने पाहिले आहेत, त्याला उरलेल्या अर्ध्या उत्तराचा शोध घेणे भाग पडते. माझ्या समजुतीप्रमाणे ते उत्तर असे की, या माणसाला सर्व काही मिळते, परंतु त्याच्याकडून कोणालाच काही नको असते. ज्या हातांनी आयुष्यभर मुलांना घास भरविले, शिधा मोजून दिला, अंगणात आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठविले नाही, त्या हातांकडे आता केवळ घेण्याचे काम उरते. आणि नुसते घेत राहण्याचा शीण रोगाच्या शिणाहून कमी नसतो.

पाळीव प्राण्यांच्या साहचर्याने रुग्णाला व एकाकी मनुष्याला होणारा लाभ हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. या विषयाविषयी बोलताना प्राणी माणसावर किती निरपेक्ष प्रेम करतो, याचेच वर्णन बहुधा केले जाते. ते वर्णन यथार्थ आहे, हे कबूल करूनही मला असे वाटते की या उपायाचे मर्म त्याच्या उलट बाजूस आहे. प्राणी माणसाला काय देतो, यापेक्षा तो माणसाकडून काय मागतो, याचा विचार अधिक झाला पाहिजे. कुत्र्याला वेळेवर खायला हवे असते, मांजराला दार उघडून हवे असते, पक्ष्याला पाणी बदलून हवे असते. आणि ही मागणी करताना समोरचा माणूस पंगू आहे, विस्मरणाने ग्रासलेला आहे की डॉक्टरांनी त्याची आशा सोडलेली आहे, याची चौकशी ते करीत नाहीत.

हा विचार आजचा नाही. इंग्लंडात यॉर्क येथील वेड्यांच्या इस्पितळात 1790 साली क्वेकर पंथाच्या एका विधवेचा संशयास्पद स्थितीत मृत्यू झाला, तेव्हा त्या पंथातील विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने मनोरुग्णांना साखळदंडांनी जखडून न ठेवता माणुसकीने वागविणारे एक स्वतंत्र आश्रयस्थान उभारण्याचे मनावर घेतले, आणि 1796 मध्ये ‘रिट्रीट’ या नावाने ते सुरू झाले. त्याचा नातू सॅम्युएल ट्यूक याने 1813 साली या संस्थेचे जे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, त्यात रुग्णांना फिरण्यासाठी असलेल्या चौकांमध्ये ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी आणि ससाणे ठेवलेले होते, अशी नोंद आहे; आणि या जीवांशी जडलेला परिचय निर्दोष आनंद तर देतोच, शिवाय रुग्णाच्या ठिकाणी झोपी गेलेली सामाजिक व परोपकारी वृत्ती कधी कधी जागी करतो, असा अभिप्रायही त्याने दिला आहे. ज्या काळी वेड लागलेल्या माणसाला खुद्द पशूच्या पंक्तीला बसविले जात होते, त्या काळी त्याच्या हाती एक ससा देऊन त्याच्यातील दयाबुद्धीला आवाहन करणे, हे केवढे धाडस होते, याची कल्पना आज करणेही कठीण आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेविषयी लिहिलेल्या 1859 च्या सुप्रसिद्ध पुस्तकातही हा विषय दोन-तीन वाक्यांत येऊन जातो. चिरकाल आजारी असणाऱ्यांना एखादा लहानसा पाळीव प्राणी ही उत्तम सोबत होय, वर्षानुवर्षे एकाच खोलीत पडून राहिलेल्या रुग्णाला पिंजऱ्यातला पक्षी हाच काय तो विरंगुळा असतो, असे सांगून त्या लगेच पुढे म्हणतात की, त्या प्राण्याला खाऊ घालणे व त्याची स्वच्छता ठेवणे ही कामे रुग्णाला स्वतःला जमण्यासारखी असतील तर ती त्यानेच करावीत, यासाठी त्याला उत्तेजन द्यावे. पूर्वार्ध सर्वत्र उद्धृत होतो आणि उत्तरार्ध विसरला जातो. वस्तुतः त्यांची सारी व्यवहारदृष्टी त्या उत्तरार्धातच आहे.

आधुनिक मानसोपचारशास्त्रात या उपायाला प्रवेश मिळाला तो मात्र योगायोगाने. न्यूयॉर्कमधील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एके दिवशी एक मुलगा आणि त्याची आई ठरलेल्या वेळेपूर्वीच येऊन पोहोचली. मुलगा कोणाशी मिसळत नसे, आजवरच्या उपचारांचा गुण आलेला नव्हता, आणि आता इस्पितळात दाखल करण्यावाचून मार्ग नाही, इथवर मजल गेलेली होती. लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा, जो एरवी रुग्ण येण्यापूर्वी खोलीबाहेर नेला जाई, तो त्या दिवशी त्यांच्या टेबलाजवळच पडून होता. त्याने उठून पाहुण्यांकडे धाव घेतली आणि मुलाला चाटावयास आरंभ केला. मुलगा भिईल असे वाटले होते, पण तो कुत्र्याला बिलगला. पुढच्या कित्येक भेटींत तो बोलला तो कुत्र्याशीच. डॉक्टर त्याच्या लेखी जणू खोलीत नव्हतेच. मग कुत्र्यावरचा लोभ हळूहळू कुत्र्याच्या धन्यापर्यंत पसरला, आणि उपचाराला वाट मिळाली. लेव्हिन्सन यांनी 1961 साली मानसशास्त्रज्ञांच्या सभेत हा अनुभव मांडला, तेव्हा फीमध्ये कुत्र्याचा वाटा किती, असे विचारून श्रोत्यांपैकी काहींनी त्यांची टर उडविली. त्यांनी ती सोसली, पुढच्याच वर्षी आपला निबंध छापून प्रसिद्ध केला आणि 1969 मध्ये या विषयावर समग्र ग्रंथ लिहिला. आज जगभर इस्पितळांतून जे कुत्रे फिरतात, त्यांच्यासाठी दार उघडले ते या सोशिक माणसाने.

परंतु माझे प्रतिपादन ज्या घटनेवर सर्वांत भक्कम उभे आहे, ती घडली न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन या आडगावातल्या चेस मेमोरियल नावाच्या शुश्रूषागृहात, 1991 साली. तिची हकीकत अतुल गावंडे यांनी 2014 च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात विस्ताराने सांगितली आहे. विदर्भातील उमरखेडजवळच्या उटी गावाहून अमेरिकेत गेलेल्या एका शल्यविशारदाचा हा पुत्र. शेतावरच्या भरल्या घरात शंभरी ओलांडलेल्या आपल्या आजोबांचे वार्धक्य आणि अमेरिकेतील शुश्रूषागृहांतले वार्धक्य यांतील अंतर त्यांना जसे जाणवले, तसे क्वचितच कोणाला जाणवले असेल. चेस येथे सुमारे 80 वृद्ध राहत. त्यांतील बहुसंख्यांना स्मृतिभ्रंशाने किंवा तत्सम विकाराने ग्रासलेले होते. तेथे वैद्यकीय प्रमुख म्हणून आलेल्या बिल थॉमस या तरुण डॉक्टराने प्रथम औषधे बदलून पाहिली, तपासण्या करून पाहिल्या, आणि अखेर त्याच्या ध्यानात आले की येथे तीन व्याधी थैमान घालीत आहेत आणि त्यांतील एकीचेही औषध आपल्या कपाटात नाही: कंटाळा, एकाकीपणा आणि असहायता.

त्याने मागितले दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी. राज्याच्या नियमावलीत अशा गृहाला एक कुत्रा किंवा एक मांजर, एवढीच मुभा होती. अर्ज झाले, दप्तरे हलली, अधिकाऱ्यांच्या मिनतवाऱ्या झाल्या आणि अखेर नियमातून सवलत मंजूर झाली. पक्षी आले त्या दिवशी पिंजरे आलेले नव्हते. ज्याने ते आणले त्याने ते सगळेच्या सगळे तळमजल्यावरील केशभूषेच्या खोलीत सोडून दिले, दार ओढून घेतले आणि तो निघून गेला. मागाहून पिंजरे आले तेही सुटे, जोडणी न केलेले. डॉक्टर, परिचारिका, नोकरचाकर सारे पक्ष्यांच्या मागे धावत आहेत, पिसे उडत आहेत, आणि ज्यांच्या तोंडावरची रेषा कित्येक महिन्यांत हललेली नव्हती असे वृद्ध काचेतून तो गोंधळ पाहत पोट धरून हसत आहेत, असा तो प्रसंग होता. पुढे एकेका वृद्धाने एकेक पक्षी दत्तक घेतला आणि त्याचे नाव ठेवले. जे बोलू शकत नाहीत असे समजले जात होते, ते बोलू लागले. जे खोलीबाहेर पडत नव्हते, ते परिचारिकांच्या टेबलापाशी येऊन कुत्र्याला फिरवून आणतो म्हणू लागले. पत्नीवियोगाने अन्न सोडून बसलेल्या एका गृहस्थांच्या खोलीत दोन पक्षी ठेवण्यात आले. प्रारंभी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले, नंतर पक्षी दिसावेत अशा बेताने ते पलंगावर बसू लागले, आणि मग पक्ष्यांना काय आवडते, ते कधी गातात, याची माहिती ते परिचारिकांना देऊ लागले. काही महिन्यांनी ते बरे होऊन घरी परतले.

संशोधकांनी दोन वर्षे या गृहाची शेजारच्या एका तशाच गृहाशी तुलना केली. चेस येथे दरमाणशी लागणारी औषधे निम्म्यावर आली, त्यातही मन शांत ठेवण्यासाठी दिली जाणारी औषधे विशेष घटली. मृत्यू 15 टक्क्यांनी कमी झाले. त्यामागचे कारण आकड्यांना सांगता आले नाही. थॉमस यांचे मत मात्र ठाम होते की माणसाला जगण्यास निमित्त लागते. याच अनुषंगाने एलन लँगर व ज्युडिथ रॉडिन या दोन विदुषींनी 1976 साली कनेक्टिकटमध्ये केलेला प्रयोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एका वृद्धगृहात त्यांनी काहींना कुंडीतले रोप देऊन त्याची निगा त्यांच्यावरच सोपविली, आणि इतरांनाही रोप दिले, पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. दैनंदिन बाबींत निर्णयाची मुभाही पहिल्या गटाला अधिक होती. तोच गट अधिक सतेज व आनंदी राहिला. झाड तर चाटत नाही, शेपूट हलवीत नाही; तेव्हा हा गुण जबाबदारीचाच म्हणावा लागेल.

हे सर्व परदेशचे दाखले झाले. आपल्याकडे या विषयाचे शास्त्र नव्हते, पण व्यवस्था होती, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली होती की तिच्याकडे व्यवस्था म्हणून कोणी पाहिलेच नाही. जेवणापूर्वी गोग्रास बाजूला काढावयाचा, कावळ्यासाठी घास ठेवावयाचा, उरलेली भाकरी दारच्या कुत्र्याला घालावयाची, ही कामे घरात बहुधा म्हाताऱ्या माणसाकडे असत. ज्याला दुसरे काही होत नाही त्यालाही ते जमे, आणि दिवसातून दोन वेळा कोणीतरी मुका जीव त्याची वाट पाहत असे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण ईश्वराच्या सर्वव्यापित्वाचा दाखला म्हणून सांगतो, व ते योग्यच आहे. पण त्या धावण्यात देणाऱ्याची जी ओढ आहे, ती मला तितकीच मोलाची वाटते. चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराच्या सदनिकेत ना गाय येत, ना कावळा. आणि त्या घरातील वृद्धाच्या ताटात वाढलेले सगळेच त्याचे एकट्याचे असते.

आमच्या नात्यातील एक काकू साताऱ्यास जुन्या घरात एकट्या राहत. यजमान गेल्यावर त्यांनी स्वयंपाक जवळजवळ सोडला होता. एकटीसाठी काय शेगडी पेटवायची, असे म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढीत, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आठवडाभर तशीच पडून राही. मुलगे समजावून थकले होते. एका पावसाळ्यात त्यांच्या अडगळीच्या खोलीत गोणपाटावर मांजर व्यायले. प्रथम त्यांनी त्रागा केला. दुसऱ्या दिवशी गवळ्याकडून अर्धा लिटर दूध जास्त घेतले. दूध तापवायचे म्हणून शेगडी पेटू लागली; पेटलीच आहे तर मूठभर तांदूळ शिजू लागले; भात आहेच तर वरण आले. गोळ्यांची पट्टी मांजरीच्या बशीशेजारी ठेवली गेली, त्यामुळे एकीचे दूध आणि दुसरीचे औषध एकाच वेळेला होऊ लागले. पिले पाहायला म्हणून आळीतली मुले येत, मुलांना हाक मारायला त्यांच्या आया येत. जिन्यावरून उतरताना कठडा धरा, असे ज्यांना शंभरदा सांगून झाले होते, त्या आता आपणहून कठडा धरीत आणि म्हणत, “मला काही झालं तर या चार जिवांना कोण बघणार?”

शरीरावर होणाऱ्या परिणामांविषयी शास्त्रज्ञांनी जे सिद्ध केले आहे, ते या पुस्तकात सविस्तर येईल. ओळखीच्या कुत्र्याला कुरवाळीत असता रक्तदाब उतरतो; कुत्रा आणि धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा आई आणि तान्हे मूल यांच्यात स्नेहबंध दृढ करणारे ऑक्सिटोसिन हे द्रव्य दोघांच्याही देहात वाढते, असे जपानी संशोधकांनी 2015 साली दाखवून दिले. पक्षाघाताने लुळा पडलेला हात रिकाम्या हवेत वीस वेळा उचलण्यास कंटाळणारा रुग्ण तोच हात कुत्र्याच्या पाठीवरून ब्रश फिरविण्यासाठी आनंदाने उचलतो, हेही अनुभवास येते. पोलिओने गुडघ्याखाली पांगळी झालेली डेन्मार्कची लिझ हार्टेल घोड्याच्या पाठीवर बसून 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकाची मानकरी ठरली, तेव्हापासून अश्वारोहणाचा उपचार म्हणून विचार होऊ लागला.

तथापि अतिशयोक्तीने या उपायाचे नुकसानच होते. एरिका फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली हृदयविकारातून बचावलेल्या 92 रुग्णांचा एक वर्ष मागोवा घेतला. घरी प्राणी असलेल्या 53 जणांपैकी 3 दगावले आणि नसलेल्या 39 जणांपैकी 11. या आकड्यांचा तेव्हा फार गाजावाजा झाला. पुढे 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातील अभ्यासात याच्या उलट, विशेषतः मांजर पाळणाऱ्यांच्या बाबतीत प्रतिकूल, असा निष्कर्ष निघाला. बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि आपल्या खोलीत कुत्रा आहे की नाही, हे रुग्णापासून लपवून ठेवून प्रयोग करणे शक्यही नाही. सबब प्राणी पाळल्याने आयुर्मर्यादा वाढते, असे वचन कोणी देऊ नये. माझ्यापुरते सांगावयाचे तर, उरलेले दिवस जर कोणाच्या तरी उपयोगाचे होऊन गेले, तर ते किती होते हा हिशेब मला दुय्यम वाटतो.

सावधगिरीच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. रुग्णाजवळ नेल्या जाणाऱ्या कुत्र्याचे रेबीजचे व इतर लसीकरण, जंतांचे औषध आणि नखे कापणे यांत कसूर होता कामा नये. त्याला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर हात साबणाने धुतलेच पाहिजेत. कर्करोगाच्या औषधांनी वा अवयवरोपणाने ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, ज्यांना उघड्या जखमा आहेत, दमा वा त्वचेचा विकार आहे, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा. ज्याला कुत्र्याची भीती वाटते किंवा ज्याच्या धर्मभावनेला तो रुचत नाही, त्याच्यावर हा आनंद लादू नये. आणि आजोबांसाठी पिंजऱ्यात पोपट आणण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे, कारण आपल्याकडच्या रानातले पोपट पकडणे व बाळगणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाहण्यात येणारी आणखी एक चूक म्हणजे परगावच्या मुलांनी अपराधी मनाने ऐंशी वर्षांच्या आईला दोन महिन्यांचे लॅब्रेडॉरचे पिलू भेट देणे. त्या पिलाला धावायला मैदान हवे आणि आईला जिना उतरवत नाही. शांत स्वभावाचा, वयाने पोक्त कुत्रा किंवा मांजर, तोही एखाद्या निवाऱ्यातून आणलेला, अशा घरी अधिक शोभतो.

प्राण्याच्या बाजूचा विचार तर आपल्याकडे होतच नाही. इस्पितळातल्या वासांनी, यंत्रांच्या आवाजांनी आणि पन्नास अनोळखी हातांनी कुत्रा थकतो. तो वरचेवर जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान फिरवून दाराकडे पाहू लागला, तर त्याचा दिवस संपला असे समजून त्याला बाहेर न्यावे. पाहुणे फोटो काढीत असले तरीही न्यावे. एका जिवाचे दुःख हलके करण्यासाठी दुसऱ्या जिवाला राबविणे, ही चिकित्सा नव्हे.

मुंबईत परळच्या एकाच टापूत के. ई. एम. व टाटा ही माणसांची मोठी रुग्णालये आहेत, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचे इस्पितळ आहे आणि 1886 साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही तेथेच आहे. इतक्या जवळ असलेल्या या दोन विद्यांची गाठ या कामासाठी का पडू नये? चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने आणि मुंबईच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने आपल्या देशातही प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने हे काम होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. रुग्णालयांच्या आणि वृद्धाश्रमांच्या कारभाऱ्यांनी आपल्या नियमावलीत आठवड्यातील एक तास राखून ठेवला, एक जबाबदार अधिकारी नेमला आणि प्रत्येक भेटीची नोंद ठेवली, तरी प्रारंभाला तेवढे पुरे.

घरी प्राणी पाळणाऱ्या वृद्धांच्या मनात एक भीती कायम असते: आपण इस्पितळात गेलो, किंवा आपणच गेलो, तर याचे काय होणार? या भीतीपायी कित्येक जण प्राणी पाळण्याचे टाळतात, आणि कित्येक जण स्वतःची शस्त्रक्रिया तहकूब करतात. इंग्लंडात 1985 पासून ‘सिनेमन ट्रस्ट’ ही संस्था एवढ्याच कामाला वाहिलेली आहे. तिचे स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांचे कुत्रे फिरवून आणतात, धनी इस्पितळात असेतो प्राण्याला आपल्या घरी सांभाळतात आणि धन्याच्या पश्चात त्याला ठाव देतात. आपल्या आळ्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये शेजारधर्म अजून शिल्लक आहे. त्याला थोडा बंदोबस्ताचा आधार दिला की हे येथेही साधेल. घराची किल्ली कोणाकडे, पशुवैद्य कोण, लसीची तारीख कोणती, प्राणी काय खातो व कशाला भितो, आणि दहा दिवस त्याला कोण नेईल, एवढे एका कागदावर लिहून तो औषधांच्या डब्यात ठेवावा, व त्याची एक प्रत शेजारी द्यावी. या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात अशा कागदाचा नमुना दिलेला आहे. ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आणि प्राणी दोन्ही आहेत, त्यांनी बाकीची प्रकरणे सवडीने वाचावीत, पण तो कागद आजच भरावा, अशी माझी विनंती आहे.